एकट्या ज्येष्ठांकडे जाणारे स्वयंसेवक: जबाबदारी, धोके आणि एकमेकांशी मेळ (खान्देशातले अनुभव)

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात एकट्याने किंवा दोघांनीच राहणाऱ्या वयस्कर माणसांकडे नियमित जाणारा आमचा छोटा गट आहे. संस्था म्हणून नोंदणी नाही. मुलं पुणे, नाशिक, सुरतला. घरात आई किंवा वडील, कधी दोघंही. औषधं आणून देणं, दवाखान्यात सोबत जाणं, बँकेचं काम, मोबाईलचं रिचार्ज आणि बहुतेक वेळा नुसतं बसून बोलणं, असं काम असतं. ‘कशी शेस व माय?’ एवढं विचारलं तरी समोरचा चेहरा उजळतो.

खान्देशात असे गट बऱ्याच ठिकाणी सुरू होताहेत, म्हणून हा धागा काढते आहे. वाईट माणूस गटात शिरेल ही भीती सगळ्यांनाच असते आणि ती रास्त आहे, म्हणून गटातल्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतो. पण मला त्याहून मोठा धोका वाटतो तो चांगल्या माणसांच्या मधल्या फटीचा. मंगळवारी जाणारीला वाटतं शेजारचा दादा जाऊन आला असेल. दादाला वाटतं आज तिची पाळी. दोघंही मनापासून काम करणारे, आणि तरी म्हाताऱ्या माणसाकडे तीन दिवस कोणी फिरकत नाही. एकट्या माणसाच्या घरात तीन दिवस म्हणजे फार झाले.

म्हणून आमचा मुख्य नियम असा: प्रत्येक भेटीवर एकाच माणसाचं नाव. आणि भेट झाली नाही तर ते त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी लक्षात आलंच पाहिजे. रविवारी पाळ्या ठरतात. जो जाऊन येतो तो ‘गेलो’ एवढाच निरोप टाकतो. संध्याकाळी सातपर्यंत ज्या घराचा निरोप नाही, त्या घरी फोनच्या पाळीवरचा माणूस थेट ज्येष्ठांनाच फोन करतो. ‘का गेला नाहीस’ हे स्वयंसेवकाला नंतर विचारायचं. फोन उचलला नाही तर शेजाऱ्यांना, मग नातेवाइकांना, आणि दार आतून बंद असून आवाजाला उत्तर नसेल तर ११२. हा क्रम कागदावर लिहून प्रत्येकाकडे दिला आहे, कारण घाबरलेल्या माणसाला क्रम आठवत नाही.

पैशांचं म्हणाल तर एटीएम कार्ड, पिन, ओटीपी आणि कोरा चेक या चार गोष्टींना आमच्यातल्या कोणीही हात लावायचा नाही, समोरून आग्रह झाला तरी नाही. किराणा किंवा औषधांसाठी रोख घेतली तर वहीत रक्कम, पावती आणि दोघांच्या सह्या. औषध सुरू करणं, बंद करणं, ‘ही गोळी अर्धी घ्या’ म्हणणं हे आपलं काम नाही. डबीतले कप्पे रिकामे झालेत की नाहीत एवढंच बघायचं आणि कळवायचं.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? उन्हाळ्याचं विशेषतः सांगा. आमच्या पाळ्या सगळ्यात जास्त कोलमडतात त्या एप्रिल-मेमध्ये.

---

जंक्शनवाले काका (भुसावळ)

ताई, उन्हाळ्यावर मी लिहितो. आमच्याकडे रेल्वेचे निवृत्त लोक भरपूर, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे नवीन नाही. नवीन हे आहे की घरात हाक मारायला कोणी उरलेलं नाही.

वयस्कर माणसाला तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण तशी जाणीवच होत नाही. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. रात्री उठायला लागू नये म्हणून माणूस संध्याकाळी पाणीच पीत नाही, हे तर घरोघरी. खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीत नुसता दमटपणा वाढतो, घाम सुकत नाही. कूलरला समोरासमोर हवा जायला वाट हवी, हे स्वयंसेवकाने पहिल्याच भेटीत बघावं.

उन्हाळ्यात आम्ही प्रत्यक्ष भेट सकाळी दहाच्या आत नाही तर सहानंतर ठेवतो, आणि दुपारी तीनला फोन. दुपारची वेळ मुद्दाम. तेव्हा माणूस बोलताना अडखळला, भलतंच काही बोलला, नेहमीपेक्षा सुस्त वाटला, तर ‘झोपेतून उठवलं असेल’ असं म्हणून सोडायचं नाही. अंग तापलेलं आणि बोलणं असंबद्ध, म्हणजे उष्माघात समजून १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत सावलीत, अंगावर ओली चादर, पंखा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. आपल्याकडे माया म्हणून पाणी पाजायला धावतात आणि ते श्वासनलिकेत जातं.

आणखी एक. आमचे निम्मे स्वयंसेवक स्वतःच पासष्टीचे आहेत. उन्हात सायकलवरून दुसऱ्याची काळजी घ्यायला निघालेल्या माणसाचीही कोणीतरी नोंद ठेवली पाहिजे.

---

मुक्ताई_चोपडा

ताई, काका, तुमचं काम मोठं आहे. पण एक मनातलं बोलतो. आमच्या गल्लीत आजही कोणाकडे भरीत झालं तर वाटी शेजारच्या म्हातारीकडे जाते. तिच्या घरी जायला आम्हाला वही लागत नाही. पाळ्या, सह्या, पोलिसांची चारित्र्य पडताळणी, हे सगळं आणलं की माणूस परका होतो. जो आपला म्हणून जातो त्याला ‘आधी पोलीस ठाण्यातून कागद आण’ म्हणायचं? बऱ्याच लोकांचा उत्साह तिथेच संपेल.

---

बोरीकाठ (अमळनेर)

दादा, तुमची गल्ली अशीच राहावी. जिथे शेजारी रोज डोकावतात तिथे आमच्यासारख्या गटाची गरजच नाही, आणि तिथे आम्ही वही घेऊन जातही नाही. अडचण कॉलनीतल्या बंगल्यांत आहे, जिथे दोन्ही बाजूंची घरं बंद आणि मालक पुण्यात.

पण वही फक्त ज्येष्ठांसाठी नाही हो, ती जाणाऱ्यासाठीही आहे. जवळच्याच एका गावातली गोष्ट ऐका. आजींची सोन्याची पोत सापडेना. घरी येणारी बाहेरची व्यक्ती एकच, कॉलेजची एक मुलगी. कोणी उघड आरोप केला नाही, पण गावात कुजबुज सुरू झाली. पुढे ती पोत गव्हाच्या कोठीत सापडली, आजींनीच जपून ठेवली होती. मधल्या दिवसांत त्या मुलीने काय सोसलं असेल? नव्या घरी पहिल्या काही भेटींना दोघांनी जायचं, कपाट-पेटी उघडायला सांगितली तरी आपण उघडायची नाही, आणि कधी आलो, कधी निघालो हे लिहायचं, हे सगळं त्या मुलीसारख्यांच्या रक्षणासाठी आहे.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज आता ऑनलाइन होतो, आणि गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाने आपला कागद आधी आणला की बाकीच्यांना ती शंका वाटत नाही. आमच्याकडे निवृत्त मुख्याध्यापकांनी सर्वांत आधी आणला. त्यानंतर कोणीच काही बोललं नाही.

---

सिस्टर_जळगाव

मी वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून तब्येतीच्या बाजूचं सांगते.

सगळ्यात नाजूक काळ म्हणजे दवाखान्यातून घरी सोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. नवीन गोळ्या येतात, जुन्या पाकिटांत तशाच असतात, आणि माणूस दोन्ही घेतो. कंपनीचं नाव वेगळं, आतलं औषध तेच. परिणामी साखर किंवा रक्तदाब एकदम खाली. स्वयंसेवकाने काय करावं? जुन्या-नव्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून, ज्येष्ठांना सोबत घेऊन, डॉक्टरांसमोर किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टसमोर ठेवाव्यात. स्वतः एकही पट्टी फेकू नये. त्या पंधरवड्यात भेटी वाढवाव्यात. नेहमीच्या पाळीत ते बसत नाही, म्हणून कोणाला दवाखान्यातून घरी सोडलं हे समन्वय करणाऱ्याला त्याच दिवशी कळलं पाहिजे.

मधुमेही माणूस घामाघूम, थरथरतो, चिडचिड करतो किंवा गोंधळतो आणि शुद्धीवर आहे, तर साखर किंवा गूळ-पाणी लगेच. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही नाही.

पडलेल्या माणसाला काखेत हात घालून ओढून उभं करू नका. एवढी एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करा. आधी बोला, कुठे दुखतं विचारा. पाय बाहेरच्या बाजूला वळलेला किंवा आखूड दिसत असेल तर खुब्याचं हाड मोडलं असं धरून हलवू नका, पांघरूण घाला, १०८ बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर ‘काही झालं नाही’ असं तो म्हणाला तरी दाखवून घ्या.

चेहरा एका बाजूला, हात वर उचलला की खाली पडतो, बोलणं जड, हा पक्षाघाताचा झटका. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. तालुक्याहून जळगाव किंवा धुळे गाठायचं म्हणजे त्यातली किती मिनिटं रस्त्यावर जातात हे तुम्हीच बघा. म्हणून लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहा. ‘शेवटचं ठीक कधी पाहिलं’ हे डॉक्टर पहिलं विचारतात आणि नेमकं तेच कोणाला सांगता येत नाही. तुमच्या वहीत कालची वेळ असेल तर ती कामाला येते.

प्रत्येक घरात कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी लावा: आजार, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचं नाव, मुलांचे नंबर, रक्तगट. बाहेरून लावू नका, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला नको.

---

लेक_पुण्यात

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी आई चाळीसगावला एकटी असते. तिच्याकडे गटातले लोक येतात आणि मला त्याचा आधार आहे, हे आधी सांगते.

पण मध्यंतरी तिच्या वाढदिवसाचे फोटो एका मोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आले. खाली लिहिलेलं, ‘मुलं बाहेरगावी, आजी एकट्याच असतात, आपण त्यांचा वाढदिवस साजरा केला.’ फोटोत मागे घराचं नाव दिसत होतं. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं, पण मला रात्रभर झोप आली नाही. एकटी म्हातारी बाई, पत्ता, आणि हा मजकूर कोणाच्या मोबाईलमध्ये पोहोचला असेल कोण जाणे. हल्ली पोलीस असल्याचं सांगून पैसे उकळणारे ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून जे फोन येतात, त्यांना अशीच माणसं हवी असतात.

दुसरं असं की आई एकदा न्हाणीघरात घसरली आणि तिने त्या ताईंना शपथ घातली, ‘पोरीला सांगू नको, ती धावत येईल.’ ताई सांगू की नको यात अडकल्या. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आईलाही स्वतःचं काय सांगायचं ते ठरवायचा हक्क आहे. याचं काय करता तुम्ही?

---

बोरीकाठ (अमळनेर)

तुमचे दोन्ही मुद्दे फार महत्त्वाचे आहेत. फोटोंचं आम्ही असं ठरवलं आहे की गटात घराला फक्त क्रमांक. ‘सातव्या घरी गेलो.’ नाव, पत्ता, आजार यातलं काही ग्रुपवर नाही. पत्त्यांची यादी फक्त दोघांकडे, कागदावर. फोटो काढायचा तर आजींना विचारून आणि तो आजींनाच आणि त्यांच्या मुलांनाच द्यायचा. देणगीदारांना दाखवायला म्हणून म्हाताऱ्या माणसाचा चेहरा वापरायचा नाही, यावर मी अडून बसते. फसवणुकीचा फोन आला आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, बँकेत जायची वाट न बघता.

शपथेबद्दल बोलायचं तर पहिल्याच भेटीत विचारून ठेवायचं. ‘आजी, कोणत्या गोष्टी मुलांना कळवायच्या, कोणत्या नाही?’ आणि त्याच वेळी आपणही स्पष्ट सांगायचं की पडणं, शुद्ध हरपणं, दवाखान्यात भरती करणं आणि कोणी मारहाण किंवा जबरदस्ती करणं, या गोष्टी आम्ही लपवणार नाही. बाकी सुनेशी काय बोलणं झालं, कोणाला किती पैसे दिले, ते आमच्या कानांतच राहील. आधी ठरलेलं असलं की नंतर शपथेने कोणी अडकत नाही. जी ताई अशा पेचात सापडते तिने तो एकटीने सोडवायचा नाही, समन्वय करणारीला सांगायचा. तेवढ्यासाठीच तर समन्वयक.

---

कोर्टाची_पायरी (धुळे)

वकील आहे, म्हणून थोडं कायद्याचं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा, महाराष्ट्राचे नियम २०१० चे. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. ज्येष्ठ स्वतः अर्ज करू शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. ती अट दस्तात लिहून घ्यावी, नंतर सिद्ध करत बसावं लागत नाही.

आता स्वयंसेवकांना कळकळीची विनंती. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करू नका. तलाठ्याकडे, दुय्यम निबंधकाकडे त्यांच्या वतीने एकट्याने जाऊ नका. शेताच्या वाटणीत भावाभावांत तुम्ही एका बाजूचे ठरलात की त्या घराचं दार तुम्हाला बंद, आणि म्हाताऱ्या माणसाला तुमची सोबतही बंद. कायदेशीर गरज दिसली तर तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवा, किंवा १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, सकाळी ८ ते रात्री ८.

आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी अशी तरतूद आहे. तुमच्या घरांची नावं ज्येष्ठांच्या संमतीने तिथे द्या. अडचणीच्या रात्री ओळख नव्याने सांगायला लागत नाही.

---

सातपुड्याखाली (तळोदा)

तुमच्या सगळ्यांच्या योजना शहराला धरून आहेत, आमच्याकडे चित्र वेगळं आहे म्हणून लिहितो. दिवाळीनंतर पाड्यांवरची तरुण माणसं ऊसतोडीला, गुजरातकडे कामाला निघतात. मागे म्हातारी माणसं, आणि बऱ्याचदा लहान नातवंडं त्यांच्याच भरवशावर. फोनला रेंज नाही, कुठे फोनच नाही. सातचा निरोप, तीनचा फोन, यातलं काही चालत नाही.

इथे आशाताई, अंगणवाडी आणि रेशन दुकान हेच आमचे निरोपे. महिन्याला धान्य न्यायला जो आला नाही त्याची चौकशी, हा आमचा पहिला इशारा. उशिराचा आहे, मान्य. म्हणून आता प्रत्येक पाड्यावर एक घर ठरवतो आहोत, जे सकाळी दुसऱ्या घराची चूल पेटली का ते बघेल. स्वयंसेवक पावरी किंवा भिली बोलणारा हवा. नुसती मराठी बोलणारा चांगला मुलगा पाठवला तर आजी ‘हो हो’ म्हणते आणि दुखणं सांगत नाही.

आणि म्हातारं माणूस लहान मुलाला सांभाळत असेल तर ती जोखीम दोघांची धरा. आजोबा पडले तर पाच वर्षांच्या पोराने कुठे धावत जायचं, ते त्या पोराला शिकवून ठेवावं लागतं. आम्ही शिकवतो.

---

जंक्शनवाले काका (भुसावळ)

तळोद्याच्या भाऊंचं वाचून थांबलो बराच वेळ. चुलीचा इशारा आमच्या फोनपेक्षा पक्का आहे.

पाळ्या एप्रिल-मेमध्ये का कोलमडतात, त्यावर माझं निरीक्षण. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं चांगली येतात, पण त्यांचे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. परीक्षा आली की जातात, तास भरले की येतच नाहीत. त्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गटातल्या बायका माहेरी. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त आणि माणसं सगळ्यात कमी, अशी गाठ दरवर्षी पडते. हे आधीच माहीत आहे, तर फेब्रुवारीतच यादी करावी. आखाजीला गावात माहेरवाशिणी येतात, त्यांच्यातल्या काही जणी आपल्या जुन्या शाळेतल्या बाईंकडे आनंदाने जातात. आम्ही मागच्या खेपेला विचारून पाहिलं.

मुलगा गट सोडतो तेव्हा तो नुसता गायब होऊ नये. त्याने नव्या माणसाला घेऊन दोनदा जावं, आजोबांचा निरोप घ्यावा. आमच्याकडचे एक आजोबा सोडून गेलेल्या मुलाची वाट बघत व्हरांड्यात बसून राहायचे.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याची गर्दी असते, तिचीही तयारी आधी करा. ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. चेहरा ओळखून मोबाईलवरही होतो, आणि पोस्टमन घरी येऊन करून देतो. त्यासाठी नव्वदीच्या माणसाला रांगेत उभं करू नका.

---

पाचोरा_१

स्वयंसेवकाला येता-जाता अपघात झाला तर? आमच्या एका ताईंची स्कूटर घसरली, मनगट मोडलं, खर्च त्यांनीच केला. गटाकडे पैसे नाहीत.

---

बोरीकाठ (अमळनेर)

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत होते, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. मोडलेल्या मनगटाचा दवाखाना त्यात बसत नाही, हे लक्षात ठेवा. त्यासाठी गटाने वेगळा अपघात विमा घ्यावा लागतो, आम्ही वर्गणीतून घेतला. सत्तरीच्या पुढचे आमचे स्वयंसेवक फक्त फोनची पाळी करतात, आणि ती उत्तम करतात. आवाज नेहमीसारखा नाही हे त्यांना आमच्याआधी कळतं.

---

मुक्ताई_चोपडा

ताई, धागा सगळा वाचला. पोतीची गोष्ट डोक्यातून जाईना. गल्लीतल्या चार घरांशी बोललो. भरीत जाईल ते जाईलच, पण कोपऱ्यावरच्या आजींकडे सकाळी कोण डोकावणार हे आता नावाने ठरवलं. एक अडलं आहे. आजी म्हणतात, दुसरी किल्ली तुझ्याकडेच ठेव. ठेवू का?

---

बोरीकाठ (अमळनेर)

एकट्याकडे ठेवू नका दादा. किल्ली लिफाफ्यात घालून चिकटवा, जोडावर आजींची आणि तुमची सही, आणि लिफाफा तिसऱ्या घरी. मुलांना फोनवर सांगा कुठे आहे ते. उघडायची वेळ आली तर दोघांनी मिळून उघडायचा, तारीख-वेळ आणि कारण लिफाफ्यावरच लिहायचं, आणि आजींना त्याच दिवशी दाखवायचं. दाराला आतून कडी असेल तर किल्ली असून उपयोग नाही, तेव्हा आधी आजींना विचारा रात्री कडी लावतात का. बऱ्याच जणी लावतात. बाहेरून किल्लीने उघडेल असं लॅच बसवून घ्या, सुतार अर्ध्या दिवसात करून देतो.